गिरणीच्या आवारातील पंगत

मुंबईस जाण्याचा योग आता मला वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळीच येतो. ज्याचे सारे आयुष्य वाईस कृष्णेच्या घाटाजवळ गेले आणि ज्याची इंग्रजी विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशीच संपली, त्यास मुंबईत काम तरी कोणते असणार? शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षे लोटली. समोर आलेल्या मुलास 'राम' शब्द चालवावयास सांगण्याची खोड तेवढी अद्याप गेलेली नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात, म्हणजे २०२५ च्या डिसेंबर महिन्यात, आमच्या वडील बंधूंचे सहस्रचंद्रदर्शन होते. आणि अशा प्रसंगी गुडघ्यांची सबब चालत नाही. तेव्हा सौभाग्यवतीसह एस.टी.त बसलो, खंबाटकीचा बोगदा मागे टाकला आणि दिवस मावळता मावळता दादरास दादांच्या बिऱ्हाडी पोचलो.

दादा मजहून पंधरा वर्षांनी वडील. १९६५ साली, मी पाटीवर मुळाक्षरे गिरवीत होतो त्या सुमारास, ते मुंबईस गेले आणि लोअर परळच्या एका कापडगिरणीच्या टाईम ऑफिसात कारकून म्हणून लागले. तेथे त्यांनी तेवीस वर्षे काढली. कामगारांची हजेरी, बदलीवाल्यांची यादी, पगाराचे तक्ते हा त्यांचा व्यवसाय. आम्हां धाकट्यांच्या दृष्टीने मात्र दादा म्हणजे दिवाळीस दोन ताग्यांचे कापड घेऊन येणारे गृहस्थ. माझ्या शाळेच्या पहिल्या नोकरीतला सदराही त्यांच्याच गिरणीच्या कापडाचा होता, आणि तो मी सात वर्षे वापरला. हल्लीचे कापड सात धुण्यांत विटते. पण तो विषय निराळा.

शनिवारी सकाळी घरीच शांत झाली. चंद्रप्रतिमेचे पूजन झाले, होम झाला, लेकीसुनांनी दादांस दिव्यांनी ओवाळले. दुपारी केळीच्या पानावर मसालेभात, अळूचे फदफदे आणि जिलबी असा बेत होता. दादांनी एकच जिलबी घेतली, कारण त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे आणि वहिनींची नजर पानावरून हलत नाही. येथेच कार्य संपावयाचे. परंतु दादांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, यांच्या मनात आणखी काही होते. ते एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी महिनाभर आधी त्याच गिरणीच्या आवारात आता थाटलेल्या एका बड्या उपाहारगृहात रात्री आठ वाजता नऊ माणसांची जागा राखून ठेवली होती. त्यांचा हेतू फार गोड होता. ज्या फाटकातून बाबा तेवीस वर्षे नोकर म्हणून आत गेले, त्या फाटकातून एकदा त्यांना पाहुणे म्हणून आत न्यावे. हे त्यांनी मला जिन्यात हळूच सांगितले. त्या वेळी त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढे जे झाले ते लिहिताना मला थोडा संकोच वाटतो.

दादर ते लोअर परळ हे अंतर ते केवढे! दादा तरुणपणी ते पायी जात. आम्हांस मोटारीने पाऊण तास लागला. वाटेत दादा काचेबाहेर बोट दाखवून एकेका गिरणीचे नाव घेत होते, आणि त्या बोटासमोर दर वेळी एक काचेचा मनोरा उभा होता. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची उभारणी १८५४ साली हाती घेतली. त्यानंतर सव्वाशे वर्षे ह्या भागाचे घड्याळ भोंग्यावर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. गिरण्या काही उघडल्या, काही लंगडत चालल्या, शेवटी बहुतेक मिटल्या. उरली ती जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे अशा जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावयाचे होते: एक मोकळ्या जागेसाठी नगराला, एक स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियमास अशी मुरड पडली की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावी. जेथे इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ह्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. मी हे दादांकडून ऐकले, आणि त्यांनी ते हजेरीपत्रक वाचावे तशाच स्वरात सांगितले.

फाटकाशी पोचलो तेव्हा आठास दहा मिनिटे कमी होती. जेवणापूर्वी घ्यावयाची मधुमेहाची गोळी वहिनींनी दादांस मोटारीतच दिली होती, कारण जागा आठाची राखलेली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

फाटकावर गणवेशधारी पहारेकऱ्याने आमच्या पिशव्या तपासल्या. दादा हसले. म्हणाले, "आमच्या वेळी झडती बाहेर जाणाऱ्यांची होत असे, आत येणाऱ्यांची नव्हे." सकाळच्या प्रसादाच्या पेढ्यांची डबी वहिनींच्या पिशवीत होती. बाहेरचे खाद्य आत नेता येत नाही, असे पहारेकऱ्याने फार अदबीने सांगून ती डबी एका खणात ठेवली आणि त्याबद्दल एक अंक असलेला बिल्ला वहिनींच्या हाती दिला. दादांनी तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला व "माझा नंबर लागला वाटते" असे म्हणून परत केला.

आत दाराशी काळ्या पोषाखातील एक तरुण बाई यंत्राच्या पडद्यावर नावे पाहत उभी होती. आमचे नाव निघाले. जागा मात्र निघाली नाही. आधीची मंडळी अद्याप उठलेली नाहीत, वीस मिनिटे लागतील, असे तिने सांगितले आणि पुतण्याच्या हाती एक काळी चकती दिली. जागा झाली की ती चकती थरथरते म्हणे. बाहेर अंगणात तशाच चकत्या हातात धरून पन्नास-साठ माणसे उभी होती. मला बदलीवाल्यांची आठवण झाली. दादांस झाली की नाही, मी विचारले नाही. दोनच बाके होती आणि ती भरलेली. एका मुलीने उठून दादांस जागा दिली. तिच्या आईबापांस मी मनात आशीर्वाद दिला.

वीस मिनिटांचा सव्वा तास झाला. परंतु तो सव्वा तास फुकट गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या रात्रीचे खरे जेवण मला तेव्हाच मिळाले. दादा बोलू लागले. आवारात एक उंच धुराडे तेवढे शिल्लक आहे. त्यावर निळे दिवे सोडले आहेत. त्या धुराड्याच्या अंदाजाने दादांनी हळूहळू सारी गिरणी उभी केली: इकडे साचाखाते, तिकडे रिंगखाते, पलीकडे कापसाची वखार, आणि जेथे मोटारी लावणाऱ्यांची चौकी आहे तेथे टाईम ऑफिस. मग एकदम धाकट्यासारखे हसून म्हणाले, "एक गोष्ट मी आप्पांना कधी सांगितली नाही. आता आप्पाही नाहीत, मीही एक्याऐंशीचा झालो, सांगावयास हरकत नाही."

गोष्ट अशी. लग्नापूर्वी पाच-सहा वर्षे दादा दादरच्या एका ब्राह्मण खानावळीत महिनेवारीने जेवत. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती खानावळ स्वतः पाहून, सोवळ्याची खात्री करून मगच ठरविली होती. परंतु दादांस महिन्यातून एक पंधरवडा दुसरी पाळी येई. दुसरी पाळी दुपारी साडेतीनास लागे ती मध्यरात्री सुटे, आणि ती पवित्र खानावळ रात्री दहास कवाड लावी. पहिल्या वर्षी दादा चणे-शेंगदाण्यांवर निजत. एके रात्री साचाखात्यातल्या एका कामगाराने त्यांना ओढून आपल्या खानावळीत नेले. चाळीतली दहा बाय बाराची खोली. कोकणातली एक बाई वीस-बावीस कामगारांना जेवू घालीत असे. तिने जात विचारली नाही. हे मासळी खाणार नाहीत एवढे ओळखले, आणि भात, आमटी, वांग्याचे भरीत असे वाढून ती दाराशी बसली. पुढे सहा वर्षे दुसऱ्या पाळीच्या पंधरवड्यात दादांचे ताट तेथे झाकलेले असे. तिच्या हिशेबाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. 'टायमवाले' एवढीच नोंद होती.

गिरणगावात अशा खानावळी चालविणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचून जात, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. संपात ह्या बायकांचे जे झाले त्याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही. कामगार गावोगाव निघून गेले आणि वहीतली येणी वहीतच राहिली. दादा म्हणाले, "तिचे माझ्याकडे काही राहिले नव्हते. लग्न ठरले तेव्हा मी सारे चुकते केले. पण तू जेवायला ये, असे तिला सांगावयाचे राहून गेले. घरी कोणत्या तोंडाने बोलावू? आप्पा होते."

वहिनी शेजारी उभ्या होत्या. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनीही ही गोष्ट प्रथमच ऐकली असावी, असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले. त्या एवढेच म्हणाल्या, "मला तरी सांगायची होती." इतक्यात चकती थरथरली.

आत पाऊल टाकले आणि प्रथम काही दिसेना, मग काही ऐकू येईना. अंधार मुद्दाम राखलेला होता. वाद्यांचा गजर इतका की समोरच्या माणसाशी बोलण्यास त्याच्या कानाशी जावे लागे. त्यावर कडी म्हणून प्रत्येक मेजावरची मंडळी ओरडून बोलत होती. मेजे इतकी जवळ की शेजारच्याचे कोपर आपल्या पाण्याच्या पेल्यास लागावे. माझे लक्ष पहिल्याने बाहेर जाण्याच्या वाटेकडे गेले. २०१७ च्या डिसेंबरात ह्याच लोअर परळात, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांस मध्यरात्रीनंतर आग लागून चौदा माणसे गेली, हे मी वृत्तपत्रात वाचलेले होते. हिरव्या दिव्याची पाटी दिसली तेव्हा खाली बसलो. भिंतींवर गिरणीची मोठमोठी जुनी छायाचित्रे होती. साच्यांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये उभे कामगार. खाली कोणाचेच नाव नव्हते.

पदार्थांची यादी छापलेली नव्हती. मेजाच्या मध्यभागी लाकडी धोटा ठेवलेला होता. होय, विणकामाचा धोटा, साच्यातला. त्याच्या पाठीवर एक चौकोनी ठिपक्यांचे चिन्ह चिकटविलेले. त्यावर मोबाइल धरला की यादी उमटते. तरुण मंडळींनी आपापले मोबाइल धरले. दादांनी धोटा उचलला, त्याच्या टोकाच्या लोखंडावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "खरा आहे." मग तो पुष्कळ वेळ त्यांनी हातातच ठेवला, इतका की पलीकडच्या बाजूस बसलेल्यांस यादी पाहावयाची तर थांबावे लागले.

यादी पुतणीने मला वाचून दाखविली. थालीपिठाचा काहीतरी परदेशी अवतार होता, त्यात चीज भरलेले. कोथिंबिरीच्या वडीवर कसलासा फेस होता. वरणभातास इटालियन नाव होते. किमती ऐकून सौभाग्यवतीने पदर तोंडाशी नेला. मी जुना संस्कृताचा मास्तर, तेव्हा नव्या पाककृतींस उगाच नाके मुरडणाऱ्यांपैकी नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यातील अन्नभोगाचे प्रकरण ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की मांडे, धिरडी, वडे यांच्या शेजारी त्या राजाने असले काही पदार्थ नोंदविले आहेत की आजच्या कोणत्याही उपाहारगृहाने लाजावे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' लिहिले; त्यांचे कुतूहलही काही वरणभातापुरते नव्हते. तेव्हा फेस असेना का. प्रश्न एवढाच होता की तो केव्हा येणार.

सव्वानवास आम्ही काय हवे ते सांगितले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. मेजावर पाण्याखेरीज काही नव्हते. पाव किंवा पापड काही तरी आधी आणा, असे पुतण्याने दोनदा सांगितले. सांगितलेला मनुष्य दोन्ही वेळा मान डोलवून अंधारात गेला. दादा गप्प होते. गजरामुळे सगळेच गप्प होते, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नाही. वहिनींच्या मात्र आले. त्यांनी दादांचा हात हातात घेतला. तो गार आणि ओला होता. कपाळावर घाम होता, धोटा धरलेली बोटे थरथरत होती. वहिनींनी कानाशी जाऊन काही विचारले, तर दादा म्हणाले, "तिकिटे मोजायची राहिली आहेत."

गोळी पोटात जाऊन दोन तास होत आले होते आणि अन्नाचा कण नव्हता. साखर उतरली होती. हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना त्या दोन मिनिटांचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना करून उपयोग नाही. पुतण्या पेढ्यांच्या डबीसाठी धावला. डबी फाटकाशी आणि बिल्ला वहिनींच्या पिशवीत, म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. मी उठून जो कोणी वाढपी दिसला त्यास दंडाला धरले. माझी हिंदी शाळामास्तराची. "शर्करा, शर्करा" असे काहीतरी मी ओरडलो असेन. तो मुलगा वीस-एकवीस वर्षांचा होता. त्याने दादांकडे एकदा पाहिले, हातातली चार ताटे शेजारच्या मेजावर तशीच ठेविली (त्या मेजावरच्या मंडळींस ती आपलीच वाटली) आणि पेये मिसळतात तेथून पेलाभर पाण्यात साखर ढवळीत आला. दादांच्या खुर्चीशी गुडघे टेकून त्याने तो पेला त्यांच्या ओठांस लावला. "धीरे, दादाजी, धीरे." दादा त्याचे कोणीही नव्हते, तरी तो त्यांस दादाजी म्हणाला, आणि आमच्या घरातही तेच नाव, त्यामुळे की काय, दादांनी मुकाट्याने पेला संपविला. दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारले, "एवढे सगळे उभे का?"

'रेस्टॉरंट' हा फ्रेंच शब्द. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसास तरतरी आणणाऱ्या सत्त्वयुक्त रश्श्यास तो लावीत, आणि त्यावरून तो विकणाऱ्या दुकानांस लागला, असे मी पूर्वी कोठे तरी वाचले होते. त्या रात्री त्या जागेने त्या शब्दास शोभेसे जे एक कृत्य केले, ते यादीत नव्हते.

दहा वाजता पदार्थ येऊ लागले. आले तेही कसे? नातवाचा पहिल्याने आला, मग माझा, मग वीस मिनिटे कोणाचाच नाही. आमच्या धर्मशास्त्रात पंक्तिभेद हा दोष सांगितला आहे. एका ओळीत बसलेल्यांस कमीजास्त किंवा निराळे वाढू नये. येथे भेद पदार्थांचा होता तसा काळाचाही होता, आणि त्यावर शास्त्रकारांनी काही लिहिलेले मला आठवेना. दादांस वहिनी "तुम्ही तरी घ्या" म्हणून विनवीत होत्या. त्यांनी दोन घास औषध म्हणून घेतले आणि हात आखडला. सर्वांचे आल्याखेरीज ते जेवत नाहीत, आजवर जेवलेले नाहीत. त्यांच्या पुढ्यातील त्या इटालियन नावाच्या वरणभातावर साय धरली. पुतण्या हे पाहत होता, आणि आपल्या बशीतील पदार्थ नुसता इकडून तिकडे सारीत होता.

खोटे का बोलावे, भरली वांगी उत्तम होती. आकाराने सुपारीएवढी, पण मसाला मनापासून वाटलेला. आत कोणीतरी जाणता हात होता. वडीवरचा फेस मात्र जिभेवर येण्याआधीच नाहीसा झाला. थालीपीठ गार होते, आणि गार थालीपिठात घट्ट झालेले चीज हा प्रकार शत्रूलाही वाढू नये. नातीने मागविलेली पुरणाची काहीशी मिठाई आलीच नाही. ती मेजावर डोके टेकून झोपली होती, म्हणून तिचे अडले नाही.

मग बिल आले. अंधारातच आले, मी मोबाइलचा दिवा पाडून ते वाचले. बिल वाचू नये, नुसते द्यावे, असा नव्या पिढीचा शिष्टाचार दिसतो. पण ज्याने छत्तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील बेरजा तपासल्या, त्याच्या डोळ्यांस ते वळण लागत नाही. पदार्थांचे ११,६४० रुपये. त्यावर शेकडा १० प्रमाणे सेवाशुल्क १,१६४. दोन्ही मिळून जी रक्कम, तिजवर शेकडा ५ जी.एस.टी., ६४० रुपये २० पैसे. एकूण १३,४४४ रुपये २० पैसे. न आलेली मिठाई ६४५ रुपयांस लावलेली. कराबद्दल माझी तक्रार नाही. २०१७ च्या नोव्हेंबरापासून तो शेकडा ५ आहे आणि तो सरकारात जातो. सेवाशुल्काची गोष्ट वेगळी. ते गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ठरविले. उपाहारगृहांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. हे मी व्यवस्थापकास मराठीत सांगितले. पुतण्या म्हणाला, "काका, राहू द्या ना." माझ्या आवाजात शाळेचा वर्ग आला असावा, कारण शेजारची दोन मेजे शांत झाली. व्यवस्थापक वाद न घालता आत गेला आणि नवे बिल घेऊन आला: १०,९९५ रुपये, वर कर ५४९ रुपये ७५ पैसे, एकूण ११,५४४ रुपये ७५ पैसे. वैद्यकीय प्रसंगाबद्दल त्याने खेदही व्यक्त केला. परंतु 'प्रतीक्षा' हा शब्द त्याच्या खेदात नव्हता.

मी जिंकलो होतो. पण उठताना तो साखरपाण्याचा मुलगा ताटे उचलताना दिसला आणि जिंकल्याचा आनंद गेला. मी त्यास बाजूस घेऊन विचारले. तो गढवालकडचा, सकाळी अकरापासून उभा होता. सेवाशुल्काचा काही वाटा तुम्हांस मिळतो काय, असे विचारले; त्याने खांदे उडविले. "थोडा मिलता है, कभी कभी." म्हणजे १,१६४ रुपयांतील थोडे, कधी कधी, मीच त्याच्या हातातून काढून घेतले होते की काय? नियम माझ्या बाजूस होता, आणि तरीही मला उत्तर सापडेना. मी त्यास पाचशेची नोट दिली. त्याने ती घेतली. पण आधी दादांकडे पाहून, ते धड उभे आहेत ना याची खात्री केली, मग घेतली.

मोटारीची वाट पाहत आम्ही त्या चौकीपाशी उभे राहिलो, जेथे टाईम ऑफिस होते. पुतण्या दादांच्या बाजूस उभा राहून हळूच म्हणाला, "बाबा, चुकले माझे. घरीच करायला हवे होते." दादा काही वेळ बोलले नाहीत. वहिनींनी खणातून सोडवून आणलेली डबी उघडून त्यांनी आधी चौकीवरच्या मुलास पेढा दिला, मग पुतण्यास. "आत येऊन बसलो की नाही?" ते म्हणाले. "तेवीस वर्षांत आत बसून जेवलो नव्हतो. दाराबाहेरच डबा सोडीत असू."

मग त्यांनी मनगट वर करून धुराड्याच्या निळ्या उजेडात घड्याळ पाहिले. बारास दहा मिनिटे कमी होती. "दहा मिनिटांनी दुसरी पाळी सुटेल," दादा म्हणाले, "गर्दी होईल. निघू या." वहिनींनी त्यांचा हात धरला आणि विचारले, "ती खोली कोणत्या चाळीत होती हो?"